तानपुरा मागे असतो: टेबलटॉप आरपीजीसाठी पार्श्वसंगीत कसं निवडावं

दर दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता, सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही पाच जण बसतो. टेबलावर फासे, पेन्सिली, पात्रांचे कागद आणि मधोमध भडंगाची परात. मी गोष्ट चालवते, बाकीचे चौघे आपापलं पात्र खेळतात. नव्याने खेळ सुरू करणारे मला नियमांबद्दल फारसं विचारत नाहीत, नियम पुस्तकात सापडतात. ते विचारतात, "ताई, मागे काय लावतेस? आम्ही लावलं की नुसता कालवा होतो." त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढलंय.

ज्यांना खेळच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, पात्र होऊन खेळायचा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, त्याला मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं हे तोंडाने सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. पण सांगलीच्या माणसाला ती परकी वाटायचं कारण नाही. १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पदं गाऊन गोष्ट पुढे न्यायचा, मागे साथ असायची, आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. आम्ही रविवारी जे करतो ते याहून फार वेगळं नाही.

एक फरक मात्र आहे. भाव्यांच्या नाटकात गाण्यानेच गोष्ट सांगितली जायची. आपल्या टेबलावर गोष्ट बोलण्यातून पुढे सरकते, म्हणून आपल्या संगीताचं काम तानपुऱ्याचं. मैफलीत तानपुरा ऐकायला कोणी जात नाही, पण तो थांबला तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाते. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच मापाने मोजल्यात.

पहिली पायरी: आधी कागद

मोबाइल उघडण्याआधी वही उघडा. येत्या सेशनमध्ये कोणकोणते प्रसंग येऊ शकतात ते लिहा. समजा, पात्रं एका गावात पोचतात, तिथल्या वाड्यावर मेजवानी आहे, रात्री तळघरातून आवाज येतो, खाली लढाई होते, पहाटे परत निघतात. प्रत्येक प्रसंगासमोर एकच शब्द लिहा, आणि तो आपल्या रोजच्या मराठीतला लिहा: हुरहूर, दिमाख, धास्ती, घाई, निवांत.

हा शब्द जितका नेमका, तितकी पुढची निवड सोपी. नुसतं 'भीती' लिहून भागत नाही. काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही, ही एक भीती. वाघ समोर उभा आहे, ही दुसरी. पहिलीला ठेका अजिबात नको, खालच्या पट्टीतला लांबलचक स्वर हवा. दुसरीला ठेका हवाच. दोन्हींना 'भीती' म्हणून एकाच प्लेलिस्टमध्ये टाकलं की तळघराच्या जिन्यावरच ढोल वाजायला लागतात, आणि खाली जाऊन दचकायला काही उरत नाही.

पहिल्या चार-पाच सेशनना पाच प्लेलिस्ट पुष्कळ झाल्या. जास्त केल्यात तर ऐन वेळी कोणती लावायची हे शोधण्यात तुमचं लक्ष जाईल, आणि मास्टरचं लक्ष खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे असायला हवं.

दुसरी पायरी: शब्द नकोत

गाणं नको, वाद्यसंगीत हवं. मागे समजणाऱ्या भाषेतले शब्द चालू असले की कान ते आपोआप पकडतो, आपण ठरवून दुर्लक्ष केलं तरी. समोरचा आपल्या पात्राचं दुःख सांगत असतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात ध्रुवपद फिरत असतं.

ओळखीची चालही टाळा, शब्द नसले तरी. सिनेमाची गाजलेली धून लावली की टेबलावरचा प्रत्येक जण आपल्या गोष्टीतून उठून त्या सिनेमात जाऊन बसतो. आमच्या भागात हा धोका नाट्यपदांचाही आहे. एकदा मेजवानीच्या प्रसंगाला मी एका नाट्यपदाची व्हायोलिनवरची धून लावली होती. दोन मिनिटांत आतल्या खोलीतून आजी ते पद गुणगुणत बाहेर आल्या आणि आमच्यातल्या एकाने त्यांना पुढची ओळ विचारली. प्रसंग फार गोड होता, पण मेजवानी तिथेच संपली.

तिसरी पायरी: आवाज किती

नव्या लोकांचा कालवा होतो तो बहुतेक इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साधं बोलणं एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबल भरतं. संगीत त्याच्या बरंच खाली, साधारण ४० ते ४५ वर ठेवा. मोबाइलवर आवाज मोजायची मोफत अ‍ॅप्स मिळतात. ती काटेकोर नसतात, पण अंदाजाला पुरतात. अ‍ॅप नको असेल तर कानाची परीक्षा घ्या. एकाला टेबलाच्या लांबच्या टोकाला बसवा आणि नेहमीच्या आवाजात, ओठ झाकून, एक अनोळखी नाव सांगा. त्याने 'काय?' विचारलं तर आवाज दोन पायऱ्या खाली. सगळे गप्प बसल्यावर संगीत स्पष्ट ऐकू यावं आणि कोणी बोलायला लागलं की ते आपोआप मागे सरकावं, इतकंच.

बोलण्यातली व्यंजनं, ज्यांच्यावर शब्द ओळखणं अवलंबून असतं, ती साधारण १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात कळतात. सनई, हार्मोनियम, झांजा, वरच्या सप्तकातलं व्हायोलिन यांचा झणका नेमका त्याच पट्ट्यात घुसतो. चेलो, सरोद, सुरबहार, तानपुऱ्याचा खर्ज ही मंडळी बरीचशी खाली राहतात आणि बोलण्याला वाट देतात. एखादा तुकडा आवडलाय पण टोचतोय असं वाटलं तर इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीत, मधला आणि वरचा पट्टा थोडा उतरवून पाहा. माझे निम्मे तुकडे असेच वाचलेत.

आता पंखा. इंटरनेटवरच्या सल्ल्यांत हा सापडत नाही, कारण ते लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर एप्रिलमध्ये पाचावर पंखा फिरत नसतो. पंख्याच्या घरघरीत हलकं वातावरणसंगीत बुडून जातं. मग आपण आवाज वाढवतो, लोक त्याहून मोठ्याने बोलतात, आपण आणखी वाढवतो, आणि तासाभरात सगळ्यांची डोकी दुखतात. उन्हाळ्यात आम्ही पंखा तीनवर ठेवून खिडकी उघडतो आणि वाऱ्याची, पानांची, पाण्याची ध्वनिमुद्रणं वापरतच नाही. पंख्याखाली ती सगळी पंख्यासारखीच ऐकू येतात. तारेची वाद्यं मात्र त्यातूनही टिकतात.

स्पीकर टेबलावर ठेवू नका. तो मास्टरच्या मागे, भिंतीपासून वीतभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. त्यामुळे संगीत आणि गोष्ट एकाच दिशेने येतात आणि कोणा एकाच्या कानाशी ते वाजत राहत नाही. फार मोठा स्पीकर लागत नाही. घरात आहे तो छोटा ब्लूटूथ स्पीकर चालेल. मोबाइलचा स्वतःचा स्पीकर मात्र नको, त्यात खर्ज येतच नाही आणि उरतो तो सगळा टोचणारा भाग.

चौथी पायरी: लढाई

लढाईला सगळे जण सगळ्यात वेगवान तुकडा शोधतात. मीही शोधायचे. पण इथे हिशेब वेगळा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले ६ सेकंद. दहा फेऱ्या झाल्या तर गोष्टीत एक मिनिट सरतं. टेबलावर मात्र त्या मिनिटाला पाऊण तास सहज लागतो, कारण प्रत्येक जण विचार करतो, फासे टाकतो, बेरजा करतो. मिनिटाला १४० ठोक्यांचं संगीत पाऊण तास चाललं की दहाव्या मिनिटाला ते कोणाला जाणवत नाही आणि विसाव्या मिनिटाला नकोसं होतं.

म्हणून लढाईचे तीन भाग करा. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं जोरदार, १२० ते १५० ठोक्यांचं. पहिली फेरी संपली की खाली उतरा: मंद पण ताणलेला, ८० ते १०० ठोक्यांचा, सूर फारसा नसलेला तुकडा, जो अर्धा तास चालला तरी थकवणार नाही. मग एखादं पात्र कोसळलं, किंवा शत्रूचा सरदार उतरला, की पुन्हा वर. लोक त्या चढण्याला दाद देतात, कारण मधे उतार मिळालेला असतो.

आपल्याकडची हलगी इथे विलक्षण काम करते, पण तिला जपून वापरायला हवं. कातडं विस्तवावर शेकून ताणलेल्या हलगीचा आवाज कोरडा आणि धारदार असतो, बंद खोलीत तो बोलणं कापत जातो. मी हलगीचे वीस सेकंद फक्त लढाईला तोंड फुटतं तेव्हा वापरते. तुतारीचंही तसंच: राजा येतो तेव्हा एकदा, दहा सेकंद, आणि बंद. सबंध सेशनमध्ये एकदाच वाजलेली तुतारी लोक पुढच्या महिन्यातही आठवतात.

बाकीच्या प्लेलिस्ट सोप्या आहेत. प्रवासाला चालीचा, ६० ते ८० ठोक्यांचा तुकडा. खानावळ किंवा बाजार असेल तर संगीतापेक्षा माणसांची कुजबुज आणि भांड्यांचे आवाज बरे. विश्रांतीला बासरी, पण वरच्या पट्टीतली नको.

पाचवी पायरी: रागांकडे वळा

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखं परदेशी वाद्यवृंदांचं संगीत लावायचे. ते वाईट नव्हतं. पण आमची गोष्ट हळूहळू कृष्णाकाठच्या एका जुन्या संस्थानात शिरली, आणि तिथे चर्चमधल्या समूहगानासारखे स्वर ऐकू यायला लागल्यावर सगळ्यांनाच ते खटकलं. तेव्हा मी घरातल्या जुन्या ध्वनिफिती काढून बसले.

रागसंगीत या खेळाला इतकं चपखल बसण्याचं कारण आलापात आहे. विलंबित आलाप स्वरास्वराने उलगडतो, मधेच दचकवत नाही, अर्धा-पाऊण तास एकाच भावात राहतो. आपल्याला हवं ते नेमकं हेच. द्रुत गतीत तानांचा पाऊस सुरू झाला की मात्र तो तुकडा बंद करा, तिथून पुढे वाद्यच समोर येऊन बसतं.

मी वापरते ते सांगते. मारवा: सूर्यास्ताचा राग, त्यात पंचम (प) नाही आणि षड्जावर (सा) थांबणंही कमी, त्यामुळे ऐकणाऱ्याला टेकायला जागा मिळत नाही. पात्रं काळोख पडायच्या आत पोचायला धडपडताहेत, अशा प्रसंगाला याच्यापेक्षा चांगलं मला काही सापडलेलं नाही. मालकंस: उत्तररात्रीचा, पाच स्वरांचा, जड पावलांचा. मध्यरात्री मालकंस गायला की भुतं ऐकायला येतात, असं जुने लोक म्हणत. गढीच्या तळघराला हाच. दरबारी कानडा: राजसभा, कट, मोठ्या माणसाचं मौन. त्यातला आंदोलित, म्हणजे हळूहळू झुलणारा गंधार (ग) ऐकताना समोर सिंहासन असल्यासारखं वाटतं. भैरव पहाटेला. देस आणि मल्हार पावसाला. सारंगी शोकाला, आणि तीही थोडी. राष्ट्रीय दुखवट्यात आकाशवाणीवर सारंगी लागायची, ते घरातल्या मोठ्या माणसांच्या कानात अजून आहे.

राग कळत नसला तर हरकत नाही. खेळणाऱ्यालाही कळायची गरज नाही. दोन मिनिटं डोळे मिटून ऐका आणि वहीतला कोणता शब्द आठवतो ते पाहा.

काहीच सुचलं नाही तर नुसता तानपुरा लावा. मोबाइलवर तानपुऱ्याची अ‍ॅप्स आहेत, पट्टी हवी तशी बदलता येते. खालची पट्टी घ्या. नेहमीच्या पंचमाऐवजी पहिली तार मध्यमात लावून पाहा, रंग लगेच बदलतो. मी माझी पहिली दोन सेशन नुसत्या तानपुऱ्यावर चालवली असती तर फार बरं झालं असतं.

सहावी पायरी: आपल्या गावचे आवाज

विकतच्या किंवा डाउनलोड केलेल्या आवाजांपेक्षा स्वतः टिपलेले आवाज टेबलावर वेगळेच बोलतात. याला खर्च शून्य आहे. मोबाइल विमान मोडवर टाका, माइकवर वाऱ्याचा फडफडाट होऊ नये म्हणून एक सुती मोजा चढवा, आणि किमान पाच मिनिटं हालचाल न करता टिपा. सुरुवातीचे आणि शेवटचे दहा सेकंद नंतर कापून टाकायचे, त्यात आपल्याच कपड्यांची सळसळ असते.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर सकाळी साडेसहाला टिपलेलं पाणी आमच्या गोष्टीत सगळ्या नद्यांना वापरलं जातं. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवर पडणारा पाऊस तर प्रत्येकाच्या घराजवळ मिळेल. गुऱ्हाळावर जायला मिळालं तर काहिलीतला रस घट्ट होत आला की जो रटरट आवाज येतो तो टिपा. बुडबुडे मोठे होतात, सावकाश फुटतात, मधेच एखादा 'फक्' करून उडतो. चेटकिणीच्या कढईला आणि दलदलीला मी तोच वापरते. गूळ आहे हे सांगितल्याशिवाय आजवर कोणी ओळखलेलं नाही.

पण माझ्याजवळचा सगळ्यात मोलाचा तुकडा मिरजेचा आहे. तिथली तंतुवाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारी. १९व्या शतकात फरीदसाहेबांपासून हे हात तलवारीकडून सतारीकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या गोष्टीत एक बोलणारी तलवार होती, आणि तिचा आवाज काय असावा हे मला सुचत नव्हतं. म्हणून एका कारखान्यात जाऊन विचारलं. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. एक वयस्क कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारेचा झंकार जुळवत बसले होते. मी म्हटलं, "चाचा, आवाज टिपला तर चालेल का?" त्यांनी मान हलवली, काम थांबवलं नाही.

घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, पाठीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर अलीकडे असला तर तार नुसती 'टण्' करते, मुकी. केसभर पलीकडे गेला तरी तेच. मधे एका जागी तो पोचला आणि तारेतून अचानक झंकार उलगडला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, एकाच तारेत सगळे स्वर. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता उघडली."

ती साडेचार मिनिटं मी जशीच्या तशी ठेवलीत: कानस, टण्, कानस, टण्, आणि मग ते उघडणं. तलवार पहिल्यांदा बोलली तेव्हा हाच आवाज लावला. टेबलावर कोणी हललं नाही. स्पीकरचं बटण हाताळताना मला आजही तो धागा आठवतो. आवाजाची बरोबर जागा तेवढीच अरुंद असते.

कोणाच्याही कामाच्या, पूजेच्या किंवा गाण्याच्या जागी टिपायचं असेल तर आधी विचारा. आणि नंतर त्यांना ऐकवा. चाचांना मी ऐकवलं, त्यांना आवडलं.

सातवी पायरी: यंत्राची तयारी

सगळं संगीत आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. मोफत अ‍ॅपवरून थेट वाजवू नका. आमच्या एका मित्राचं पात्र तीन महिन्यांच्या खेळानंतर बाकीच्यांना वाचवण्यासाठी मागे थांबलं. सारंगी चालू होती, तो शेवटचं वाक्य बोलत होता, आणि मधेच दुप्पट आवाजात पंख्याची जाहिरात सुरू झाली. बंद करेपर्यंत आठ-दहा सेकंद गेले. त्याने वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं, पण ते पहिल्यासारखं झालं नाही. त्या दिवसापासून मी एकही सेशन इंटरनेटच्या भरवशावर चालवलेलं नाही.

संगीताला जुना, सिम नसलेला मोबाइल असला तर उत्तम. नाहीतर 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा. स्पीकरशी घरातल्या दुसऱ्या कोणाचा फोन आपोआप जोडला जात नाही ना, हे आधी पाहा. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना क्रॉसफेड, म्हणजे एक उतरत असताना दुसरा चढणं, पाच-सहा सेकंदांचा ठेवा. प्लेलिस्टला रिपीट लावा आणि ऑटोप्ले बंद करा, म्हणजे यादी संपल्यावर अ‍ॅप स्वतःच्या मनाचं काही लावणार नाही. तुकडे आठ-दहा मिनिटांच्या पुढचे निवडा. दोन मिनिटांचा तुकडा फिरून-फिरून आला की तिसऱ्या वेळी कान तो मोजायला लागतो.

तयार वातावरण हवं असेल तर टेबलटॉप ऑडिओ या संकेतस्थळावर दहा-दहा मिनिटांचे तुकडे याच खेळांसाठी केलेले मिळतात. सिरिनस्केप या अ‍ॅपमध्ये पाऊस, वारा, गर्दी असे थर वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. सुटे आवाज फ्रीसाउंड या संकेतस्थळावर आहेत. घरात खेळताना प्रश्न नाही, पण सेशन टिपून इंटरनेटवर टाकणार असाल तर प्रत्येक तुकड्याचा परवाना तपासा. रागाची मालकी कोणाची नसली तरी एखाद्या कलाकाराच्या ध्वनिमुद्रणाची असते.

आठवी पायरी: कधी बंद करायचं

चार तासांतले दीड तास तरी आमच्याकडे काहीच वाजत नाही. नियमांवर चर्चा, चहा, बेरजा, आपापसातली थट्टा, या वेळी संगीत बंद. अखंड वाजणारं संगीत पंख्यासारखं होतं.

आणि मोठ्या क्षणी ते मुद्दाम थांबवा. दार उघडतं, आत काय आहे हे सांगायच्या आधी तीन सेकंदांत आवाज शून्यावर आणा. मग सांगा. अर्धा तास मालकंस ऐकल्यानंतरची ती शांतता अंगावर येते. हे सेशनमध्ये एकदाच करा.

नववी पायरी: टेबलावरच्या माणसांना विचारा

हे खरं तर पहिल्यांदा करायचं. कोणाला सतत मागे आवाज असला की लक्ष लागत नाही. कोणाला एका कानाने कमी ऐकू येतं आणि ते बोलून दाखवायला संकोच वाटतो. सेशनच्या आधी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा. आमच्यातल्या एकीला रुग्णालयातल्या यंत्राचा 'बीप' सहन होत नाही, तिच्या घरात तसं घडून गेलंय. तो आवाज आमच्या खेळात येत नाही, आणि का येत नाही याची चर्चाही होत नाही.

देवाधर्माच्या संगीताबद्दल माझं मत ठाम आहे. गोंधळाचं संबळ, आरतीच्या घंटा, उरुसातली कव्वाली हे आवाज अतिशय प्रभावी आहेत, पण ते कोणाच्या तरी घरातल्या श्रद्धेचे आहेत. दुष्ट मांत्रिकाच्या देवळाला मी ते लावत नाही. त्यासाठी तानपुरा बेसूर लावून टिपलेला पुरतो, आणि तो जास्त भीतीदायकही वाटतो.

पहिल्या सेशनसाठी

आदल्या रात्री पाच प्लेलिस्ट, प्रत्येकीत तीनच तुकडे. दुपारी साडेतीनला स्पीकर लावून लांबच्या खुर्चीवरून ऐका, पंखा चालू ठेवून. चारला लोक येतात तेव्हा काही लावू नका, त्यांना बोलू द्या. सगळे बसले, मागच्या वेळी काय झालं ते सांगायची वेळ आली, की तानपुरा सुरू करा. दर वेळी तोच, त्याच पट्टीतला. तीन-चार सेशननंतर तो सुरू झाला की लोक आपसूक गप्प होतात आणि कागद पुढे ओढतात.

प्रसंग बदलला की प्लेलिस्ट बदला, पण वाक्य संपल्यावर, वाक्याच्या मधे नाही. बदलायला हात मोकळा नसेल तर जे चाललंय ते चालू द्या. कोणी "आवाज कमी कर ना" म्हणालं तर लगेच कमी करा.

शेवटी मैफलीसारखी भैरवी. मी दहा मिनिटं आधी ती हलकेच सुरू करते. त्यामुळे आता आवरायचंय हे मला सांगावं लागत नाही, आणि कोणी नव्या खोलीचं दार उघडायला जात नाही. भैरवी चालू असतानाच फासे डबीत जातात, परातीच्या तळाचं भडंग संपतं.

सगळे गेल्यावर वहीत दोन ओळी लिहा: कोणत्या तुकड्याला लोक पुढे झुकले, कोणत्याला कोणी स्पीकरकडे वळून पाहिलं. ज्याच्याकडे वळून पाहिलं तो तुकडा पुढच्या वेळी काढून टाका, कितीही आवडता असला तरी.